अन्य शेरा

फॉर्म दोन भाषांत आहे, डावीकडून इंग्रजी,
उजवीकडून अरबी, मध्ये चौकोन, एक ते पाच.
'तुम्ही तुमच्या कामात समाधानी आहात का?'
नाव लिहू नका, असं वर छापलंय.
कर्मचारी क्रमांक लिहा, असं खाली.
खमीस म्हणाला, सातच्या आत दे,
मस्कतला पाठवायचेत.

रात्रीचे दोन. सूर गाव झोपलंय,
खाडीकाठी अर्धी बांधलेली गलबतं झोपलीयेत.
मी पडद्यासमोर बसून तो शब्द
मराठीत उच्चारून बघितला. समाधान.
वडील ताटावरून उठताना म्हणायचे, झालं समाधान,
आणि नेमके तेव्हाच म्हणायचे
जेव्हा टोपात वाढायला काही उरलेलं नसायचं.

माझं काम सांगतो.
समुद्र नळातून आत येतो. साठ बारच्या दाबाने
त्याला बारीक पापुद्र्यांतून ढकलायचं.
मीठ अडतं, ते ज्याचं त्याला परत.
पलीकडे जे येतं ते इतकं निर्मळ
की पाणी म्हणवत नाही.
तोंडात धरलं तर आपलीच जीभ लागते.
मग त्याला चुनखडीवरून न्यायचं, मोजून, जपून,
म्हणजे ते जमिनीतून आल्यासारखं वागायला लागतं.
एवढंच. बारा तास. आकडे बघायचे,
आकडे हलले तर उठायचं.

तेजलने वर्गात सांगितलं,
माझे बाबा समुद्र गोड करतात.
बाई हसल्या नाहीत, त्यामुळे धीर येऊन
तिने फोनवर विचारलं,
मग आपली विहीर का नाही करत?

केळशीला चैत्र सरला की आमची विहीर मचूळ होते.
डाळ शिजत नाही, चहा नासतो,
हिची आई टँकरच्या वाटेला हंडे मांडून ठेवते.
आणि इथे माझ्या समोरच्या आकड्यात
मिनिटाला पाच टँकर वाहून जातात.
मी म्हटलं, आवाज तुटतोय गं, नंतर बोलू.
आवाज स्वच्छ येत होता.

गुलजमानने सगळ्या प्रश्नांना पाच दिलेत.
त्याचा करार मार्चमध्ये संपतो.
बिजूने दोन लिहिला, खोडला, तीन केला,
आणि खोडलेलं दिसतंय म्हणून नवा फॉर्म मागितला.

मीही तीनवर पेन टेकवलं,
आणि ती झारेची रात्र आठवली.
आमच्याकडे कोळी जेलीफिशला झार म्हणतात.
शेवाळासारखी आली, लाखांनी, समुद्राच्या तोंडच्या
जाळीवर थर चढला, पंप एकामागून एक बसले.
गावात टाकीला नऊ तासांचं पाणी.
मग फावडी, बादल्या, नुसते हात.
खमीसने पांढरी दिशदाशा कमरेला खोचली
आणि गुडघाभर उतरला.
मनगटं भाजल्यासारखी सुजली.
गुलजमान पश्तूत कुणाला तरी शिव्या देत होता,
बहुधा समुद्राला.
पहाटे पहिल्या पंपाने पाणी धरलं
तेव्हा बिजू मटकन खाली बसला आणि हसत सुटला,
आणि मग आम्ही सगळेच.

आनंद झाला होता का? सांगता येत नाही.
हात आगीत घातल्यासारखे होते.
पण त्या रात्री एकदाही
मी केळशीला जाऊन आलो नाही.
अख्खा इथेच होतो.
अकरा वर्षांत अशा किती रात्री, बोटांवर मोजल्या,
एका हाताची बोटं उरली.
याला चौकोन कुठला?

पाच वाजले. चहा टाकला, आमच्याच पाण्याचा.
बरा होतो. गावच्या श्रावणातला नव्हे,
पण दूध फाटत नाही.
बाहेर मशिदीच्या नळावर कुणी पाय धुतोय,
तो आवाज इथवर येतो की मला वाटतो,
ठाऊक नाही.

चौकोन तसेच कोरे ठेवले.
तळाशी 'अन्य शेरा' म्हणून दोन ओळींची जागा होती.
तिथे लिहिलं,
चार नंबर पंपाचा आवाज मंगळवारपासून बदललाय.
बेअरिंग असावं.
आकडे बरोबर येतायत,
तरी एकदा कान लावून बघा.