खतावणीतला गोलकीपर

दुऐज गेला, असा त्याच्या पुतण्याचा निरोप आलाय.
सोबत फोटो: पांढरा दिशदाशा, मागे शोरूमची काच,
आत चौदा गाड्या,
आणि चौदांच्याही बॉनेटवर तो थोडा थोडा.
"काकांबद्दल दोन ओळी लिहून द्या. तुम्ही जुने."
मी स्टोअरकीपर. दोन ओळींत मला
पार्ट नंबर आणि शिल्लक, एवढंच लिहिता येतं.

आजा मोत्यांसाठी बुड्या मारायचा, बापाने ट्रक आणले,
याच्या वाट्याला शुवैखच्या नाक्यावरची अख्खी एजन्सी,
आणि गाडीतलं ओ की ठो कळत नव्हतं.
'पार्ट'ला 'बार्ट' म्हणायचा, मला 'दलवी'.
ळ त्याच्या जिभेला कधी लागला नाही,
तसा माझ्या घशाला त्यांचा ऐन.
चेंडू मात्र अंगठ्याने दाबून सांगायचा, हवा किती कमी.
मी मागाहून चोरून टायरच्या गेजने बघायचो.
बरोबर निघायचं.

टीम घेतली सत्त्याऐंशीत, फहाहीलकडची,
सगळ्यात खालच्या गटातली.
मैदानाला गवत नाही. सामन्याआधी टँकर फिरवायचा,
ओली रेती वाळेपर्यंत खेळ बरा चालायचा.
बापाला कळू द्यायचं नाही, म्हणाला.
म्हणून पगार माझ्या खतावणीतून:
सुदानी गोलकीपर इद्रीस – ब्रेक शू, दोन जोड.
दोघे बॅक – शॉक अब्सॉर्बर.
डावीकडून पळणारा बसऱ्याचा पोरगा – फॅनबेल्ट.
फॅनबेल्ट तुटतातच, कुणी विचारलं नाही.
एकदा म्हातारा हाजी मुसाइद येऊन वही चाळत बसला.
"या वर्षी ब्रेक फार खपले."
चष्मा पुसला, परत घातला.
"तरी परवा पाच आत गेलेच ना?"
वही मिटून निघून गेला. मला घाम. दुऐज दाराआड हसतोय.

नव्वदच्या ऑगस्टात तीन दिवसांत शोरूम धुऊन नेलं.
माझ्या फळ्यांवरचे गॅस्केटसुद्धा, ज्यांची गाडीच आता बनत नाही.
टीमची बस तेवढी वाचली: त्याने चाकं काढून
ती एका बोळात विटांवर ठेवली होती.
चाकं मी चढवली. एकवीस वर्षं नट मोजलेले,
आवळले त्या रात्री पहिल्यांदा.
एकेचाळीस माणसं, चार पोरं, लोणच्याची एक बरणी,
स्टिअरिंगवर इद्रीस, रुवैशिदच्या हद्दीपर्यंत.
तो आला नाही. खाली उभा राहून
एकेक टायर अंगठ्याने दाबत फिरला.
टायर अंगठ्याने कळत नाही,
हे मी त्याला सांगितलं नाही.

ब्याण्णवात परतलो. म्हातारा नव्हता.
चुलतभावांनी एजन्सी वाटून घेतली होती,
याला भिंतीवरचं नाव आणि बसायला खुर्ची.
टीमचं नाव रजिस्टरातून गेलेलं.
एका शुक्रवारी स्टोअरमधून चेंडू मागून घेतला,
मला गाडीत घातलं.
मैदानात खांब होते, जाळ्या नव्हत्या.
त्याच्या पलीकडे लाल फीत, सुरुंगाची.
"उभा राहा दलवी. बेनल्टी."
मी स्टोअरच्या करड्या कोटात, हात पसरून,
पन्नाशीचा ब्रेक शू.
तो धावत आला, सपाता फटफटत,
आणि चेंडू आडव्या खांबावरून
फितीपलीकडे.

आम्ही दोघं बघत राहिलो.
वारा त्याला जरा पुढे न्यायचा, जरा मागे आणायचा,
जसं काही घरचंच पोर.
आणायला कुणी जायचं नव्हतं.
दुऐज म्हणाला, "मोजतोस काय?"
मी खरंच मोजत होतो.

बिन कार्ड अजून माझ्याकडे आहे, देवरुखला, पत्र्याच्या ट्रंकेत.
गाड्या किती विकल्या ते पुतण्याला ठाऊक असेल.
माझ्या दोन ओळी या:
चेंडू, चामडी, नग एक. दिला. परत नाही.
हवा बरोबर होती.