खोली

रेफरी काठी आडवी धरते,
चेंडू जाळीत ठेवून अंगठ्याने दाबते,
मग डोळ्यांच्या रेषेत आणून बघते:
चेंडू कडेखाली बुडाला, की काठी बाद.
बायकांच्या लॅक्रोसमध्ये जाळीची खोली
एवढीच.
उथळ. सगळं वरून दिसलं पाहिजे,
आणि तरी धावताना
काही सांडता कामा नये.

एकवीस वर्षं मी ह्या जाळ्या विणते आहे,
रात्री, भाड्याच्या खोलीत,
दोरीचं टोक दातांत धरून.
ओहायोतली खोली बेकरीच्या वर होती,
पहाटे तीनला पावाच्या वासाने भूक लागून जाग यायची.
व्हरमाँटमधली मिसेस गिलफॉइलच्या गॅरेजवर;
ती भाडं घ्यायची, वर अंगणातला बर्फही काढून घ्यायची.
मेरीलँडमधली आठवत नाही.
तिथे मी फक्त झोपायला जात असे.

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर,
माझं गाडीच्या डिकीत:
चेंडूंच्या दोन गोण्या, शिट्ट्या,
आणि मुलाखतीसाठी एक निळा कोट.
मुख्य कोचसाठी चारदा घातला तो.
चारही ठिकाणी म्हणाले,
तुमच्याबद्दल सगळे किती चांगलं बोलतात.

कोच बदलली की नवी आपली माणसं आणते.
ह्यात राग धरण्यासारखं काही नाही.
थोडा धरला मी. हायवेला लागेपर्यंत.

आई फोनवर विचारायची, म्हणजे तू नेमकं करतेस काय?
फेब्रुवारीत मैदानावरचा बर्फ ओढते, आई.
बसमध्ये अठ्ठावीस सँडविच मोजते,
त्यातलं एक बिनशेंगदाण्याचं.
हरल्यावर गोलकीपरच्या शेजारी बसते
आणि हवामानाबद्दल बोलते.
जुलैत, डेलावेअरच्या उन्हात, घडीच्या खुर्चीत बसून
सोळा वर्षांच्या मुलींची नावं वहीत उतरवते.
गोल करणाऱ्यांची सगळेच उतरवतात.
मी बघते, गोल हुकल्यावर
मागे कोण पळतंय.

थिया लुंडक्विस्ट अशीच सापडली.
वहीत अजून आहे: डावा हात कच्चा. परत पळते.
डावा हात पक्का केला आम्ही,
जिमच्या मागच्या भिंतीवर, रोज तीनशे चेंडू;
ती मोजायची, मी मोजायचे,
आकडे कधीच जुळायचे नाहीत.
तिचे वडील गेले त्या आठवड्यात
ती माझ्या खोलीत दोन रात्री जमिनीवर झोपली.
बोललो नाही फारसं.
मी जाळी विणत होते,
तिने दोरी ताणून धरली होती.

ह्या ऑगस्टमध्ये तिचा फोन आला.
पेन्सिल्व्हेनियातलं लहानसं कॉलेज,
बत्तिसाव्या वर्षी मुख्य कोच.
"कोच," म्हणाली, आणि गप्प झाली.
मग: "मला असिस्टंट हवी आहे. तुम्हाला कसं विचारायचं कळत नाहीये."
मी म्हटलं, आधी पगार सांग.
तिने सांगितला.
दोघी बराच वेळ हसत राहिलो.

नवी खोली न्हाव्याच्या दुकानामागे आहे,
खिडकी एकच, पण पूर्वेला.
निळा कोट मी आणलेला नाही.
सरावात मुली लांबून ओरडतात, "कोच!"
आणि थिया, इतक्या वर्षांच्या सवयीने,
वळून माझ्याकडे बघते.
माझ्या दातांत दोरी असते.
मी हनुवटीने खूण करते:
तुला.