लोकरीला उकळतं पाणी चालत नाही

सोमवारी सकाळी हातगाडीवरून गाठोडं यायचं :
चौदा जर्सी, चौदा जोड मोजे,
आणि गुडघ्यांत कापूस भरलेल्या विजारी,
ज्या वाळायला बुधवार उजाडायचा.
कॉलेज वर टेकडीवर. मी खाली,
सीडर नदी गिरणीला वळसा घालते तिथे.
डझनाला चाळीस सेंट. साबण माझा.

मॅच मी एकही पाहिली नाही.
शनिवारी दुपारी वरून ओरडा यायचा
आणि माझ्या दोरीवरच्या चादरी हलायच्या.
वाऱ्यानंच म्हणा.
कोण जिंकलं ते चिखल सांगायचा.
पाठीला चिखल म्हणजे हरले.
पोटाला, कोपरांना चिखल म्हणजे
निदान पुढे पडले होते.
वॉलफर्डविरुद्ध नुसती पाठच पाठ.
चौतीस-शून्य, वोयटा नंतर म्हणाला.
मी पाणी तीनदा बदललं होतं, मला ठाऊक होतं.

पाठीवर आकडे नसायचे तेव्हा.
म्हणून कॉलरच्या आत मी एकेक रंगीत टाका घातला.
हिरवा एज्रा पेटिंगिल, पाद्र्याचा मुलगा,
बाहीला नाक पुसायचा.
निळा थॉर्वल्ड, त्याच्या विजारीत मक्याचे दाणे.
जांभळा लायमन कॉब :
दर आठवड्याला रक्त, आणि ते त्याचंच.
रक्ताला थंड पाणी आणि मीठ.
एकदा गाठोड्यात चिठ्ठी होती, आईला सांगू नका.
मी कुठे ओळखते त्याच्या आईला?

पिवळा टाका ऑक्टोबरात वाढला.
यादीत नाव विल्यम ग्रीन, दुसरं वर्ष.
त्याची जर्सी बुडवली आणि पाणी काळं झालं.
मातीचं काळं नव्हे. माती तळाशी बसते.
हे वर तरंगत राहिलं, तेलकट,
रेल्वेच्या बॉयलर-शेडमधलं.
माझा नवरा दहा वर्षं हेच अंगावर घेऊन घरी यायचा.
अकराव्या वर्षी आलाच नाही.
हात पाण्यात तसेच ठेवून
मी थोडा वेळ उभी राहिले.

त्यानंतर पाच मॅच ओळीनं जिंकले.
वोयटा ताटात उकडलेल्या बटाट्यांची रांग मांडायचा :
आता चेंडू पुढे फेकता येतो म्हणे, नवा नियम,
आणि ग्रीन फेकतो ना, आई,
तेव्हा लोक आधी आभाळाकडे बघतात,
मग एकमेकांकडे.
मी म्हटलं, बटाटा खा.

नोव्हेंबरात वॉलफर्डचा एक प्रोफेसर दारात आला.
म्हणाला, बाई, कपडे तुम्ही धुता ना,
हा ग्रीन खरंच कॉलेजात शिकतो का?
इंग्रजी मला तेव्हा चांगलं यायचं.
त्या दिवशी येईनासं झालं.
मी त्याला झेकमध्ये विचारलं,
तुमच्या कफांना खळ कोण करतं?
फार पातळ झालीय.

थँक्सगिव्हिंगची मॅच बर्फात झाली.
बर्फाचा डाग पडत नाही.
जर्सी आल्या त्या नुसत्या ओल्या, जड,
एकही काही बोलेना.
वोयटा रडत घरी आला, त्यावरून काय ते समजले.

धुतलेले कपडे न्यायला आले तेव्हा चौदाच नेल्या.
पिवळ्या टाक्याची?
असा कुणी आमच्याकडे नाही, मॅनेजर म्हणाला,
यादीत न बघताच.
माझे दोन डॉलर दहा सेंटही मग यादीत नव्हते.

ग्रीन, किंवा जे काय त्याचं नाव असेल ते,
ओमाहाच्या शेडला गेला असं ऐकलं.

लोकरीला उकळतं पाणी चालत नाही,
हे मला आईनं सातव्या वर्षी शिकवलं होतं.
त्या रात्री मी हंडा चुलीवर चढवला,
खदखदू दिला,
आणि जर्सी आत सोडली.
सकाळी ती बरोबर
नऊ वर्षांच्या मुलाएवढी झाली होती.

काखेत थोडं काळं राहिलंच.
ते मी घासलं नाही.