सेकंडचा माल

अक्कलकोट रोडच्या कारखान्यात मी चेकिंगला.
टॉवेल उजेडावर धरायचा:
तुटका धागा, सुटलेली किनार, तेलाचा डाग.
डाग दिसला की बाजूला, सेकंडात.
दिवसाला सातशे नग. एकोणीस वर्षं.

आणि माझीच गाडी
रोज रात्री दारातल्या फरशीवर
रुपयाएवढं काळं सोडते.

शेजारच्या रेणुकाबाई चिप्पा
सडा टाकून रांगोळी काढतात, ठिपके मोजून.
परवा म्हणाल्या, तुमच्या गाडीनं
माझ्या रांगोळीत एक ठिपका जास्तीचा घातलाय.
हसून म्हणाल्या. पण म्हणाल्या.

मग शनिवारी रात्री
इंजिनाखाली टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा सरकवला.
सकाळी वाचला:
एक थेंब पुढं, दोन मागं,
एक लांबट, कुठून आला कळेना.
तसं तर चेन वाजते,
हॉर्न फक्त डावीकडं वळताना बोलतो,
क्लचच्या केबलला तीनच तारा शिल्लक,
साइड स्टँडची स्प्रिंग कधीच गेली, तिथं लूमची बसवलीय,
ती मात्र अजून नव्यासारखी.
हे सगळं मला माहीत होतं.
माहीत असणं आणि पाना हातात घेणं
यात चार वर्षं गेली.

विजापूर वेशीच्या अलीकडं, बोळात, चांदपाशा नदाफ.
तो वाकलासुद्धा नाही.
'तेल दिसतंय तिथनंच गळतंय असं नसतंय, मालक.
वारा मागं नेतो. आधी धुवा.'

रॉकेल, ब्रश, एप्रिलचं ऊन.
टाकीवर हात टेकवत नव्हता.
मग त्यानं फळीवरचा पावडरचा डबा घेतला
आणि आंघोळ झालेल्या पोराला लावावी
तशी इंजिनाला लावली, कानाकोपऱ्यात.
'सात रस्त्याला एक चक्कर मारून या.'

आलो. पांढऱ्यात एक काळी रेघ,
क्लचच्या झाकणाच्या कडेनं,
इतकी बारीक
की कारखान्यात मी पास केली असती.

रविवार. दुकानं बंद. गॅस्केट मिळेना.
चांदपाशानं खोक्यातून एक लग्नपत्रिका काढली, जाडसर,
झाकणावर दाबून धरली,
आणि हातोडीच्या गोल तोंडानं
कडेकडेनं टुकटुक टुकटुक.
लोखंडाची धार कागदाला आपला आकार देत गेली.

'कुणाची?'
'माझ्याच धाकटीची.
दोनशे छापल्या, आणि त्या साली
परवानगी वीस माणसांची.
जाडी बरोबर बसती बगा इंजिनाला.
आता अकराच उरल्यात.'
बोल्ट हातानं लावत, समोरासमोरचे, थोडे थोडे,
एकदम नाही,
तो स्वतःशीच म्हणाला,
'पोचल्या म्हणायच्या की ओ, गावभर.'

शेवटचा बोल्ट आवळायच्या आधी
फटीतून मला दिसलं
'अगत्य येण्याचे क'
आणि पुढचं आत, तेलात.

पोरगी गुलबर्ग्याला असते. बरी आहे.
मी विचारलं म्हणून सांगितलं त्यानं,
आणि ऐंशी रुपये घेतले.

घरी येऊन सेकंडातल्या टॉवेलनं इंजिन पुसलं.
रात्री नवा पुठ्ठा.
सकाळी कोरा.
आधी डिपस्टिक काढून बघितली,
आत तेल तरी आहे ना.
होतं.

दुसऱ्या दिवशी कोरा.
तिसऱ्या दिवशी एक थेंब,
मोहरीएवढा, दुसऱ्याच बाजूला.
सवयीनं पुठ्ठा उजेडावर धरला.
पलीकडं रेणुकाबाई ठिपके मोजत होत्या,
मध्येच थांबल्या, माझ्याकडं बघत.

कुठल्या गठ्ठ्यात टाकावा ते ठरेना.
तसाच परत गाडीखाली सरकवला
आणि कामावर निघालो.
चौकात डावीकडं वळताना
हॉर्न बोलला.