दोन आठवड्यांपुरती

महिन्याच्या एकोणतीस तारखेला
दोना एर्मेलिंदा काउंटरशी येते
आणि आवाज इतका खाली घेते
की मलाच पुढे वाकावं लागतं.
गोळीचं नाव घेत नाही. “ती” म्हणते,
जशी एखादी शेजारीण,
जिच्याशी भांडण नाही, पण घरी बोलावणंही नाही.
मी देते. चिठ्ठी सोमवारी आणा, म्हणते.
वहीत उधारी लिहिते पेन्सिलने.
पेन्सिल खोडता येते.

तिला पहिली चिठ्ठी मिळाली तेव्हा मी शाळेत होते.
डॉक्टरांनी दोन बोटं वर केली होती म्हणे: दोन आठवडे.
डॉक्टर वारले. मुलाने दवाखाना विकला.
दोन बोटं अजून तशीच हवेत आहेत.

त्याआधी तिला झोप नव्हती असं नाही.
झोप तिची नव्हती.
मातोझिन्युशच्या बंदरात सार्डिन आले
की कारखान्याचा भोंगा व्हायचा,
रात्री एक, रात्री तीन, कधीही,
आणि बायका एप्रन बांधत उतारावरून धावायच्या.
एका माशाला एक वार. मुंडकं बादलीत.
तासाला किती, ते ती सांगते,
मला खरं वाटत नाही.
मग कारखान्याला कुलूप. भोंगाही उतरवला.
आता झोपायला कुणाची आडकाठी नव्हती,
तर पापणीला पापणी लागेना.

आरोग्य केंद्रातली तिची फाइल दोन हातांनी उचलावी लागते.
चक्कर येते: कानाच्या डॉक्टरकडे.
पडली, मनगट मोडलं: हाडांच्या.
नावं आठवत नाहीत, तर एका मुलीने
घड्याळ काढायला लावलं.
तिने काढलं. काटे तीनवर.
दर खिडकीला नवा नंबर, नवं बाक,
आणि दर ठिकाणी विचारलं, काय काय घेता?
तिने रक्तदाबाची सांगितली,
हाडांची, पोट साफ व्हायची.
“ती” नाही सांगितली.
ते काय औषध आहे? ती तर झोप.

हे मला ठाऊक होतं.
मी कुणाला बोलले नव्हते, एवढंच.

यंदा नवी डॉक्टरीण आली, डोंगराकडची.
तिने सगळे कागद पत्त्यांसारखे टेबलावर पसरले,
बराच वेळ पाहिले,
आणि म्हणाली, पाव पाव कमी करू.
वर्ष लागलं तर लागू दे.
मी चौकटी आखून तक्ता करून दिला,
गोळी कापायचं यंत्र देऊ केलं, दोन युरोचं.
दोना एर्मेलिंदा हसली.
घरी तिची कारखान्यातली सुरी आहे,
पातं घासून घासून सळईएवढं उरलेलं.
एक आडवा, एक उभा.
चार तुकडे, तराजूत घातले तरी सारखे.
मेणकापडावर पडलेला चुरा
ती ओल्या बोटाने टिपते, जिभेला लावते.
वाया कशाला घालवायचा.

सहाव्या आठवड्यात, गुरुवारी,
भोंगा झाला.
फक्त तिला.
एप्रन बांधून ती अनवाणी उतार उतरली.
कारखान्याच्या जागी आता सहा मजले,
काचेचं दार, टपालाच्या पेट्या, बेलची बटणं.
तिने सगळी बटणं दाबली.
मासे आलेत. उठा.

रुग्णवाहिका आली.
मोठ्या इस्पितळात रात्रपाळीचा पोरगा होता,
भला होता, दमला होता,
बाकावर आणखी अकराजण कण्हत होते.
त्याने तिला सुई दिली,
त्याच जातीची.
कागदावर लिहिलं: रुग्ण शांत झोपली.

आज ती आली आहे,
मनगटावर इस्पितळाची पट्टी अजून.
तक्ता उलगडून काउंटरवर ठेवते,
पाचव्या ओळीवर कॉफीचा गोल डाग.
पुन्हा वरपासून? विचारते.
डॉक्टरणीला फोन करते, मी म्हणते,
आणि या वेळी सगळं सांगते. उधारीसकट.
ती मान हलवते, पण लक्ष तिचं दाराबाहेर, उताराकडे.
“भोंगा खरंच झाला नव्हता?”
नाही, दोना एर्मेलिंदा.
“मग मी सगळ्यांच्या आधी कशी पोचले गं?”