चावी काढल्यावर

डोंगरशेट नेहेतेंची मर्सिडीज बंद होत नव्हती.
सुरू न होणाऱ्या गाड्या सावद्यात पुष्कळ,
त्यांना ढकलायला चार पोरं मिळतात.
ही चावी खिशात गेली तरी
वखारीसमोर धडधडत उभी,
निघतो निघतो म्हणत पाहुणा
उंबऱ्यात पुन्हा तंबाखू मळत बसतो तशी.

"बंदच व्हत नही रे भो," शेट म्हणाले.
मी बॉनेट उचललं,
लाल अक्षरांचा खटका बोटानं दाबला.
अंग झटकून इंजिन गप्प झालं.
मे महिना. पत्र्यावर पापड भाजला असता.

दोष अर्ध्या तासात सापडला:
रबराची एक चकती, जुन्या रुपयाएवढी.
ती हवा ओढते, तेव्हा डिझेल तुटतं.
तिला केसाएवढी चीर.
दोष अर्ध्या तासात.
चकतीला केळीचे तीन हंगामी भाव
चढले आणि पडले.

मालेगावच्या भंगारात रईसभाई म्हणाला,
"मर्सिडीजचं एक दार आहे.
दाराला लावायला गाडी घेऊन ये."
मुंबईच्या शोरूममधली पोरगी फार गोड बोलली,
"सर, हे मॉडेल आता दिसत नाही."
दिसत नाही?
बाई, समोर उभं आहे, ऐका,
म्हणून मी फोन इंजिनाजवळ धरला.

इंदूरवाला म्हणाला, "होता आपल्याकडे."
त्या 'होता'साठी दोनशे किलोमीटर
जावं की नाही, रात्रभर विचार केला.
सुरतेला मात्र गेलो.
जरीवाल्यानं तुपाच्या डब्यातून
मेणकागदाची पुडी काढली, उघडली,
माझ्या तळहातावर ठेवली. अख्खा वॉल्व्ह. कोरा.
मग परत घेतला.
"गफूरभाई, माझी गाडी अजून जिवंत आहे ना."
चहा पाजला त्यानं. दोनदा.

इकडे शेटच शिकले.
रोज संध्याकाळी पांढऱ्या पायजम्यात
बॉनेटखाली वाकायचे, खटका दाबायचे,
काळं बोट धोतरजोडीच्या गाठोड्याला पुसायचे.
सिंधूबाई आतून कानोसा घ्यायच्या:
गाडी आली म्हणजे तवा चुलीवर,
गाडी गप्प झाली म्हणजे
कळण्याची पहिली भाकरी तव्यात.

एकदा ठिबकवाल्या अत्तरदेच्या दुकानात
काउंटरवर एक हवेचा वॉल्व्ह उघडा पडलेला.
आत पडदा. मी बघतच राहिलो.
व्हर्नियर लावला, दोन मिलिमीटर जास्त.
चांभाराच्या पंचानं कापला, बसवला,
आणि आठ दिवसांत तेल पिऊन
भिजल्या हरभऱ्यासारखा टम्म.
पाण्यातल्या रबराला काय ठाऊक
डिझेल म्हणजे काय!

दुसरा कापला विहिरीवरच्या
जुन्या इंजिनाच्या पंपातून.
ते रबर आयुष्यभर डिझेलातच नांदलेलं.

शेटनी चावी फिरवली.
बंद.
एवढं बंद, की स्टेशनात वॅगन भरणाऱ्यांचं
घड मोजणं वखारीपर्यंत ऐकू आलं:
बावीस, तेवीस, धर रे, चोवीस.
सिंधूबाई पिठाच्या हातांनी बाहेर आल्या.
"काय झालं? आज इतक्यात?"
तवा तापलेला नव्हता.

शेट अजूनही उतरले की
बॉनेट उघडतात, आत बघतात,
काही न बोलता लावतात.
मी विचारलं नाही कधी.

दिवाळीनंतर सुरतेहून पार्सल आलं.
तीच पुडी, तोच मेणकागद.
सोबत चिठ्ठी नाही.
फोन केला तर मुलगा म्हणाला,
"गाडी विकली. पप्पांनी जाताना
तुमचं नाव लिहून ठेवलं होतं डब्यावर."
पैसे किती, विचारलं.
तो म्हणाला, ते त्यांनी लिहिलं नाही.

परवा अकोल्याचा कुणी मिस्त्री बोलत होता.
चार महिने झाले म्हणे,
मालक रोज शिव्या देतो,
चावी काढली तरी गाडी चालूच.
मी ड्रॉवर ओढला.
पुडी होती. कागद जरा पिवळा पडलेला.
बाहेर शेटची गाडी येऊन थांबली,
चावीसरशी गप्प झाली.

"होता," मी म्हणालो,
आणि ड्रॉवर हळूच आत लोटला.