घर बंद

ऑडिट निघालं म्हणून मला परत जावं लागलं.
कागदावर सावरधोंडीचे चौदा मीटर अजून चालू होते.
साहेब म्हणाले, काढून आणा,
नाहीतर तुमच्या पगारातून.

राधानगरीपर्यंत एसटी, पुढं नाक्यापर्यंत दुधाची जीप,
तिथून वन खात्याचा येसबा पुढं, मी मागं.
एकेकाळी ही वाट मला पाठ होती.
आता कारवीतून फक्त येसबाची टोपी दिसायची.
मध्येच थांबून तो गव्याचं शेण दाखवायचा,
आजचंच हाय, म्हणायचा,
ओळखीच्या घरचं असल्यासारखं.

गाव आलं ते मला कळलंच नाही.
येसबा म्हणाला, आलं की.
मग फणसावरून अंदाज बांधला:
हा सखू झोरेच्या परड्यातला, म्हणजे डावीकडं शाळा,
शाळेखाली बोडक्यांची तीन घरं.
कौलं त्यांनी नेली, वासे नेले,
दारं तर चौकटींसकट.
जांभ्याच्या भिंती तेवढ्या ट्रकात मावल्या नाहीत.
बिरोबालाही नेलं. जिथं तो बसायचा
तिथं खळगा, आणि खळग्यात मुंग्यांचं काहीतरी काम चाललेलं.

रीडिंगच्या यंत्रात आमच्याकडं एक शेरा असतो, घर बंद.
कुलूप दिसलं की तो दाबायचा आणि पुढं जायचं.
इथं काय दाबू?
उंबऱ्यातून कुंभ्याचं झाड वर आलेलं,
चुलीच्या जागी वारूळ.
बंद म्हणायला दार तरी पाहिजे.

मीटर मात्र होते. जुने, चकतीचे.
भंगारवाला एवढा चढत नाही.
मी पक्कड काढली, वही काढली.
दगडू येडगे, दोनशे सहा.
धाकलू बोडके, आठशे नव्वद, ह्याच्याकडं टीव्ही होता.
सखू झोरे, अठ्ठ्याऐंशी;
बिलाच्या भीतीनं ही अंधारातच जेवायची
आणि मला मात्र दर खेपेला तांब्याभर ताक.
ट्रक आले त्या सकाळी मीच शेवटची नोंद घेतली होती.
आकड्याला आकडा जुळत गेला,
येसबा सावलीत बसून तंबाखू मळत राहिला.

अकरावा ठकूबाई येडगेचा.
वहीत चारशे बारा.
काचेवरची धूळ पुसली:
चारशे एकतीस.

मी परत पुसली.

गाव उठल्यावर तारा उतरवायला मीच आलो होतो,
खालच्या खांबापाशीच काम उरकून गेलो, वर चढलो नाही.
तोवर एकोणीस युनिट.
तिच्या घरात एकच बल्ब, साठचा.
हिशेब करायची सवय सुटत नाही माणसाची.
तीनशे सोळा तास.
तेरा दिवस, वर थोडा वेळ.
छप्पर काढलेल्या घरात, रात्री आणि भर उन्हातही.

पुढच्या रविवारी हातकणंगल्याकडं गेलो, वसाहतीत.
सगळीकडं ऊस, पत्र्याची घरं, नंबर टाकलेले प्लॉट.
ठकूबाई दारात शेंगा फोडत होती.
मी विचारलं, बल्ब चालू राहिला होता का?
म्हणाली, इसरलो आसंन, भाऊ.
शेंगा फोडत राहिली.
मग, बिल किती झालं त्येचं?
आणि कनवटीला हात.

मी म्हणालो, राहू दे, ऑफिस बघून घेईल.
ऑफिस काही बघत नाही, हे तिलाही माहीत होतं.
बराच वेळ कुणी बोललं नाही.
उसात पंप चालू होता.
मग तिनं मान वर न करता विचारलं,
खालनं दिसत हुता काय, रस्त्यावरनं?

मी त्या तेरा दिवसांत त्या रस्त्याला गेलोच नव्हतो.
दिसायचा, म्हणालो. लांबनं.

तिनं मूठभर शेंगदाणे माझ्या पिशवीत टाकले,
मीटरांच्या काचांवर.